रोजच्या वापरासाठी जुना, स्वस्त फिल्म कॅमेरा: कोणता घ्यावा आणि घेताना काय तपासावे?

मुठाकाठ:
नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि कचेरीला जाता-येता, मंडईत, बसथांब्यावर, घरातल्या माणसांचे असे रोजचे फोटो फिल्मवर काढावेत असे बरेच दिवस मनात आहे. कॅमेरा सतत पिशवीत राहावा आणि त्याची फार काळजी करावी लागू नये, म्हणून चार हजारांच्या आतला जुना, छोटा कॅमेरा शोधतो आहे. जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडे दोन पर्याय दिसले: एक ऑलिंपस ट्रिप ३५ आणि दुसरा नव्वदच्या दशकातला, आपोआप फोकस करणारा झूम कॅमेरा. शिवाय घरी वडिलांचा याशिका एमएफ-२ आहे, पण तो बरीच वर्षे कपाटातच पडून आहे. यांपैकी कोणता निवडावा, रोल न घालता कॅमेरा कसा तपासावा आणि कोणती फिल्म वापरावी, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

काळापांढरा:
या दोहोंपैकी मी निःसंशय ट्रिप ३५ घेईन. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या कॅमेऱ्याला बॅटरीच लागत नाही. भिंगाभोवती जी बारीक जाळीदार काच दिसते, तिच्यामागच्या सेलेनियम सेलवर प्रकाश पडला की तेवढ्या विजेवर प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा हलतो आणि कॅमेरा शटरचा, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या पडद्याचा, १/२०० किंवा १/४० सेकंद यांपैकी एक वेग आणि त्याला साजेसे भिंगाचे छिद्र स्वतः निवडतो. नव्वदच्या दशकातल्या कॅमेऱ्यांत मात्र फोकस, शटर, रोल पुढे सरकवणे ही सगळी कामे सर्किटवर चालतात. ते सर्किट बंद पडले तर सुटे भाग मिळत नाहीत, आणि दुरुस्ती करणारा मिळालाच तर त्याची मजुरी कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त होते. झूमचेही फारसे आकर्षण बाळगू नये. अशा अनेक कॅमेऱ्यांत झूम पूर्ण बाहेर काढल्यावर भिंगाचे छिद्र बारीक होऊन एफ/११च्या आसपास येते, त्यामुळे सावलीत शटर मंद होऊन हाताचा हलका थरकापही फोटोत दिसतो. ट्रिपचे भिंग ४० मिलिमीटरचे, एफ/२.८ आहे आणि एवढ्याशा कॅमेऱ्याच्या मानाने ते फार सुरेख चित्र देते.

सेल जिवंत आहे की नाही, हे रोल न घालताही कळते. छिद्राचे कडे ‘ए’वर ठेवून, भिंग आणि जाळी तळहाताने पूर्ण झाकून बटण दाबा, व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर यायला हवी आणि शटर अडायला हवे. मग कॅमेरा खिडकीबाहेरच्या उजेडाकडे धरून दाबा; आता शटर सुटायला हवे. उजेडातही लाल पट्टी येत असेल, तर सेल गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि तो कॅमेरा सोडून द्यावा. त्यानंतर मागचे झाकण उघडून कडेचा काळा फोम पाहावा. तो बोटाला चिकटत असेल तर प्रकाश आत शिरेल, पण तो बदलणे सोपे आणि स्वस्त आहे. भिंगातून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरपा पाडून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, हे अवश्य पाहा. ती बुरशी असते. ती काचेवरचा थर खात गेली असेल तर पुसूनही डाग राहतो.

फोकससाठी कड्यावर एक, दीड, तीन मीटर आणि डोंगराचे चिन्ह आहे. रस्त्यावर तो तीन मीटरवर ठेवून विसरून जावे: एफ/८ला साधारण दोन मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. फिल्म ४०० आयएसओची, म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशील असलेली, सोयीची, कारण गल्लीतली सावली, संध्याकाळ, बसच्या आतला उजेड हे सगळे तिच्या आवाक्यात येते. मात्र मे महिन्यातल्या दुपारी ४०० या कॅमेऱ्याच्या अगदी मर्यादेवर जाते, तेव्हा २०० घ्यावी. एक सवय लावून घ्या: रोल घातल्यावर रिवाइंडची कळ हलकेच फिरवून ढिलाई काढायची आणि पुढे दर फोटोनंतर रोल सरकवताना ती कळ आपोआप फिरते ना, हे पाहायचे. ती फिरत नसेल, तर फिल्म आत अडकलेलीच नाही.

सिंहगड_रस्ता:
काळापांढरा यांच्या म्हणण्याशी बऱ्याच अंशी सहमत असूनही माझा सल्ला वेगळा आहे: आधी घरातला याशिका वापरात आणा. तुमच्या यादीत घरातली माणसेही आहेत, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ४०० फिल्म असूनही ट्रिप बहुतेक वेळा लाल पट्टीच दाखवील. याशिकाला स्वतःचा फ्लॅश आहे, फोकस कायमचा ठरलेला आहे, आणि दीड मीटरच्या पुढे माणूस असेल तर फोटो हमखास येतो. त्याच्या बॅटरीच्या सेलच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवट भुकटी जमली असेल तर ती व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, नीट वाळू द्या आणि मग नवे सेल घाला. फ्लॅशचा भाग मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट साठलेले असू शकतात.

शिवाय खरा खर्च कॅमेऱ्याचा नाही, रोल, धुलाई आणि स्कॅन यांचा आहे. घरच्या कॅमेऱ्यावर काही रोल होऊ द्या, म्हणजे हा छंद महिन्याच्या हिशेबात बसतो का ते कळेल, आणि मग ट्रिप घ्यावासा वाटला तर अवश्य घ्या.

मुठाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. याशिकाचे सेल आजच पाहतो. दोन शंका उरल्या: पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळावा, आणि कृष्णधवल रोल घरी धुणे खर्चाच्या दृष्टीने परवडते का?

दर्यावर्दी:
मी रत्नागिरीचा, त्यामुळे पहिल्या प्रश्नाशी माझा जुना संबंध आहे. कॅमेरा चामड्याच्या म्यानात कधीही ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि बुरशीला तेच हवे असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा, पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात, आणि आठवड्यातून एकदा तरी तो बाहेर काढून वापरावा. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये चांगले राहतात; फक्त डबी उघडण्यापूर्वी ते काही तास बाहेर ठेवावेत, नाहीतर फिल्मवर दव धरते.

घरी कृष्णधवल धुणे नक्कीच परवडते, आणि त्यात आनंदही मोठा आहे. रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेला ३७.८ अंश तापमान काटेकोर सांभाळावे लागते. कृष्णधवलला तेवढा काच नाही. इलफर्ड एचपी५ प्लस ही ४००ची फिल्म न पातळ केलेल्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात) २० अंशांना साडेसात मिनिटांत होते. आपल्याकडे नळाचे पाणी बहुतेक महिने त्याहून गरम असते, तेव्हा रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आणावी किंवा तापमानाच्या तक्त्यानुसार वेळ कमी करावी. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ मात्र टाळावी, कारण तेवढ्यात रसायन सगळीकडे सारखे पोहोचत नाही आणि आकाशासारख्या सपाट भागात पट्टे उमटतात. सुरुवातीला फिल्म धुण्याचा एक टँक, थर्मामीटर, डेव्हलपर आणि उमटलेले चित्र पक्के करणारा फिक्सर एवढे पुरते. रोल टँकमध्ये भरण्यासाठी अंधाऱ्या खोलीऐवजी काळी चेंजिंग बॅग चालते, पण आधी एखादा वाया गेलेला रोल घेऊन उजेडात तो रीळावर चढवण्याचा भरपूर सराव करावा.