मेंदू आधीच ठरवत असेल, तर ‘मी ठरवले’ याला अर्थ काय?

प्रश्न (शिक्षिका, फोंडा)

मी बारावीला मानसशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग समजावून सांगताना एका विद्यार्थिनीने विचारले, की हात हलवण्याची इच्छा आपल्याला जाणवण्यापूर्वीच मेंदूत तयारी सुरू झालेली असेल, तर चुकलेल्या माणसाला बोल का लावायचा? मला नीट उत्तर देता आले नाही, कारण तो प्रश्न माझ्या घरातलाही आहे. माझा धाकटा भाऊ बारा वर्षे दारूच्या आहारी गेला होता, आणि वडिलांचेही तेच झाले होते. आईने देवळात प्रसाद लावून कौल घेतला. मूर्तीला पाण्याने चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवी आधी पडली, तेव्हा पदराने डोळे पुसत ती म्हणाली, की आता सुटेल. चार महिने झाले, भावाने थेंबही घेतलेला नाही. तो म्हणतो, “मी ठरवले म्हणून सुटली.” आनुवंशिकता, घरचे वातावरण, मेंदूची जडणघडण हे सारे मी शिकवते, मग त्याच्या ‘मी ठरवले’ या शब्दांना शास्त्रात जागा आहे का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, म्हापसा)

ताई, आधी लिबेट यांच्या प्रयोगाची मर्यादा पाहू. हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी मेंदूत विद्युत्-बदल सुरू होतो आणि इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी होते, हे त्यांनी दाखवले; पण शेवटच्या क्षणी ती कृती रोखता येते, असे ते स्वतःच मानत. शिवाय २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी वेगळा अर्थ मांडला: तो विद्युत्-बदल म्हणजे आधीच झालेला निर्णय नसून, मेंदूत सतत चालणारे चढउतार योगायोगाने एका उंबरठ्यापर्यंत पोहोचल्याची खूण असू शकते. जर्मनीतील लायप्झिग येथील २००८ च्या प्रयोगात डावे बटण दाबले जाईल की उजवे, हे कित्येक सेकंद आधी ओळखता आले खरे. पण ते सुमारे ६० टक्के वेळा, आणि नाणे उडवूनही ५० टक्के वेळा ओळखता येतेच. लिबेट यांच्या प्रयोगात लोकांनी वाटेल तेव्हा मनगट हलवायचे होते; ते कधी हलवावे याला कोणतेही कारण लागत नाही. दारू सोडण्याला शंभर कारणे असतात, आणि ती माणूस महिनोन्महिने मनात घोळवत असतो. एका प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या गोष्टीवर लादणे मला अत्यंत चुकीचे वाटते.

दुसरे म्हणजे, दैववाद आणि नियतत्ववाद यांची गल्लत होऊ देऊ नका. दैववाद म्हणतो, तुम्ही काहीही करा, व्हायचे तेच होणार. नियतत्ववाद म्हणतो, जे होते ते कारणांमुळे होते. आणि तुमच्या भावाचा निश्चय हे त्या कारणांपैकीच एक आहे.

उत्तर (समुपदेशक, मडगाव)

सरांच्या शेवटच्या मुद्द्याला आपल्याच गोव्यातला आधार आहे. ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, दारूचे घातक प्रमाण असलेल्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली. वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी त्यांच्यातील एका गटाशी काही बैठकांत संवाद साधला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्या गटातील ३६ टक्के पुरुष घातक पिण्यातून बाहेर पडले होते, संवादाविना, नेहमीच्या उपचारांचे केवळ सुधारित रूप मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. या संवादाची रीत उपदेशाची नसते. माणसाने बदलाची कारणे स्वतःच्या तोंडून सांगावीत, यावर तिचा भर असतो. बाहेरून झालेले बोलणे हे कारण, आणि आतून उमटलेले ‘मी ठरवले’ हा त्याचा परिणाम. तरीही ते शब्द पोकळ नसतात, कारण पुढचे सारे त्यांच्यावरच चालते.

उत्तर (वाचक, डिचोली)

मला हे थोडे सोयीस्कर वाटते. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५३ मध्येच लिहिले होते, की आत्मसंयम म्हणजे माणसाने स्वतःभोवतीची परिस्थिती बदलणे, आणि तसे बदलण्याची सवयदेखील परिस्थितीच शिकवते. मग शेवटी ‘मी’ उरतो कुठे? सरांनी निश्चयाला कारणांच्या रांगेत बसवले. पण त्या निश्चयाचे श्रेय भावाला द्यायचे की नाही, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

प्रश्नकर्ती (फोंडा)

तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. पण स्किनर यांचे नाव वाचून काल संध्याकाळी मी भावाची वाट पाहत ओट्यावर बसले असतानाचे आठवले. तो घराजवळच्या थांब्यावर उतरत नाही, कारण तिथे बार आहे. एक थांबा आधी उतरून कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, बांधावरून चालत येतो. पावसात चपला हातात घेऊन, चिखलाने पोटऱ्या माखून आला. ती वाट त्याला कोणी सुचवली, असे मी विचारले, तर म्हणाला, “कोणी नाही. पहिल्याच आठवड्यात मला कळले, की त्या थांब्यावर उतरलो तर मी मी राहणार नाही.” सोमवारी मी ते दोन्ही थांबे फळ्यावर काढणार आहे, आणि आधीच्या थांब्यावर उतरणारा माणूस स्वतंत्र की बद्ध, हे त्या विद्यार्थिनीलाच आधी विचारणार आहे.