विषय: ध्रुवीय बर्फावरची प्रश्नावली – मसुदा तपासून हवा आहे

प्रेषक: कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,

आपल्या बॉस्टनच्या मंडळाच्या पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात ध्रुवांवरचा बर्फ आणि हवामानबदल या विषयाला पाऊण तास दिला आहे. त्याआधी सभासदांचा कल घ्यायचा आहे. यादीवर सुमारे ४०० नावं आहेत. ६० जणांनी फॉर्म भरला तरी भागेल. मसुदा:

१) ध्रुवांवरचा बर्फ माणसामुळे झपाट्याने वितळतो आहे, हे तुम्हाला मान्य आहे का? हो / नाही
२) आर्क्टिकचा बर्फ वितळून मुंबई आणि बॉस्टन पाण्याखाली जातील का? हो / नाही
३) तुम्हाला याची काळजी वाटते का? हो / नाही

"मंडळाचं मत" म्हणून टक्केवारी पडद्यावर दाखवू. फॉर्म सोमवारी सोडायचा आहे, तेव्हा रविवारपर्यंत कळवा.

– मे.

प्रेषक: अ. जो.

मे.ताई, सोमवारची घाई करू नका. हा फॉर्म असाच गेला तर धो-धो "हो" येतील आणि हाती काही लागणार नाही.

पहिल्या प्रश्नात तीन प्रश्न कोंबले आहेत: वितळतोय का, झपाट्याने का, आणि माणसामुळे का. "वितळतोय, पण ते निसर्गाचं चक्र आहे" असं म्हणणाऱ्याने खूण कुठे करायची? शिवाय "मान्य आहे का" विचारलं की निम्मी माणसं भिडेखातर मान डोलावतात. येल विद्यापीठाचा हवामान-संवाद गट अमेरिकेत वर्षानुवर्षं हेच विचारतो, पण तुकडे पाडून. आधी तापमानवाढ म्हणजे काय ते दोन-तीन ओळींत सांगतात. मग "असं घडतंय असं तुम्हाला वाटतं का?" – हो, नाही, माहीत नाही. त्यानंतर "घडतंय असं धरून चाला; मग कारण मुख्यतः माणूस की मुख्यतः निसर्ग?" यातलं "धरून चाला" गाळू नका. त्यामुळे शंकेखोरही कारणाच्या प्रश्नाला उत्तर देतो.

सुरुवातीचं ते स्पष्टीकरणही हवंच. येल आणि सीव्होटर ही भारतीय पाहणीसंस्था यांनी २०२१-२२ मध्ये भारतात फोनवरून पाहणी केली. ५४ टक्के लोक म्हणाले, या विषयाची अगदी थोडी माहिती आहे किंवा कधी ऐकलंच नाही. तेच थोडक्यात समजावून दिल्यावर ८४ टक्के म्हणाले, हो, असं घडतंय. उलट, कोणता शब्द वापरला यानेही आकडा हलतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात "ग्लोबल वॉर्मिंग" म्हटल्यावर ४४ टक्के रिपब्लिकनांनी ते खरं मानलं, "क्लायमेट चेंज" म्हटल्यावर ६० टक्क्यांनी. डेमोक्रॅट दोन्ही वेळा ८७ टक्क्यांच्या आसपासच राहिले. तेव्हा शब्द एकच ठरवा आणि फॉर्मभर तोच ठेवा.

आता ते ६० जण. ४०० मधून चिठ्ठ्या टाकून ६० निवडले, तर उत्तरात वर-खाली साधारण १२ टक्क्यांचा फरक धरावा लागेल. पण हे गणित चिठ्ठ्यांचं आहे. खुला फॉर्म भरतात ते विषयाची आवड असलेले किंवा विषयाने डोकं फिरलेले, आणि तिथे हे १२ टक्केही लागू होत नाहीत. त्यामुळे टक्के नकोत. "६० पैकी अमुक जण" एवढंच लिहा.

जरा बरं करायचं असेल तर यादीतलं दर चौथं नाव घ्या, म्हणजे १०० जण. सुरुवात १ ते ४ मधला एक आकडा चिठ्ठीने काढून करा. चार-चार दिवसांनी दोन आठवणी पाठवा. फक्त यादी कुटुंबवार लावलेली नाही ना ते बघा. चौकोनी कुटुंबांची यादी असली की दर चौथ्या नावाला सगळे बाबाच येतात, नाहीतर सगळी शेंडेफळं. आधी पहिल्या नावाच्या अकारविल्हे लावून घ्या.

काळजीच्या प्रश्नाला चार पायऱ्या द्या: खूप, थोडी, फारशी नाही, अजिबात नाही. त्याच्या लगेच खाली एक प्रश्न वाढवा: "मंडळातल्या १०० पैकी किती जणांना काळजी वाटत असेल?" १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. हवामानासाठी दरमहा उत्पन्नाचा १ टक्का द्यायला ६९ टक्के तयार होते, पण इतर किती तयार असतील याचा लोकांचा अंदाज सरासरी ४३ टक्केच निघाला. आपल्याकडे असा फरक निघाला तर चर्चेला तोच पुरेल.

– अ. जो.

प्रेषक: सु. प.

वरचं सगळं बरोबर. दुसरा प्रश्न मात्र दुरुस्तीपलीकडचा आहे, काढूनच टाका. आर्क्टिकचा बर्फ म्हणजे समुद्रावर तरंगणारा काही मीटर जाडीचा थर. तो वितळून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पातळी वाढते ती जमिनीवरच्या बर्फाने, म्हणजे ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या. न्यू हॅम्पशर विद्यापीठाचे लॉरेन्स हॅमिल्टन त्यांच्या पाहण्यांत मत आणि माहिती वेगवेगळी मोजतात. तसे माहितीचे दोन प्रश्न घ्या:

अ) उन्हाळ्याच्या शेवटी आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ ३० वर्षांपूर्वीच्या तुलनेत: कमी जागा व्यापतो / कमी झाला होता पण पुन्हा पूर्वीइतका झाला / जास्त जागा व्यापतो / माहीत नाही
आ) कोणता बर्फ वितळला तर समुद्र सर्वांत जास्त वाढेल: आर्क्टिक समुद्रावरचा / ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा / हिमालयातला / माहीत नाही

हे दोन्ही मतांच्या प्रश्नांनंतर, वेगळ्या पानावर, आणि मागे जाण्याचं बटण बंद करून. नाहीतर पर्याय वाचून लोक आधीचं मत बदलून येतात.

"अ"मधला मधला पर्याय मुद्दाम ठेवला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, २०१३ मध्ये ५० लाखांच्या वर गेला, आणि "बर्फ परत आला" अशी ओरड झाली. २०१२चा नीचांक २०२४ पर्यंत मोडला नाही, हेही खरं. पण १९८०च्या दशकात हाच आकडा ७० लाखांच्या आसपास असायचा, आणि १९७९ पासूनच्या नोंदींतले सर्वांत कमी १८ नीचांक २००७ ते २०२४ या १८ वर्षांतलेच आहेत. एका वर्षाची पुढच्या वर्षाशी तुलना करून काही सिद्ध होत नाही.

आणि मुंबई-बॉस्टनला एका वाक्यात बांधू नका. ग्रीनलँडचा हिमस्तर आपल्या गुरुत्वाकर्षणाने समुद्राचं पाणी स्वतःकडे खेचून धरतो. तो घटला की जवळचं पाणी उतरतं आणि लांबचं चढतं. म्हणून ग्रीनलँडच्या वितळण्याचा वाटा मुंबईला सरासरीपेक्षा जास्त येतो, इथल्या किनाऱ्याला कमी. आपल्याला इथे अंटार्क्टिका जास्त भोवतं.

– सु. प.

प्रेषक: कार्यक्रम समिती

काका, "अंटार्क्टिकाचा बर्फ तर वाढतोय" असं कोणीतरी म्हणणारच. आणि तरंगणाऱ्या बर्फाने पाणी वाढत नाही, हे नुसतं सांगून पटणार नाही. मांडून दाखवता येईल का?

– मे.

प्रेषक: सु. प.

तिथेही तोच घोळ. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ २०१४ मध्ये २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला होता, तो उच्चांक. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १८ लाखांच्या खाली आला, तो नीचांक. जमिनीवरचा हिशेब निराळा. २००२ पासून ग्रेस आणि नंतर ग्रेस-फॉलोऑन या जुळ्या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातला बदल मोजून तो ठेवला आहे: ग्रीनलँड वर्षाला सुमारे २७० अब्ज टन गमावतं, अंटार्क्टिका सुमारे १५०. ३६० अब्ज टनाला समुद्र १ मिलिमीटर चढतो.

प्रयोगाला सरळ उभ्या बाजूंच्या दोन काचेच्या बरण्या घ्या, १० सेंटिमीटर व्यासाच्या. दोन्हींत ६०० मिली पाणी. एकीत १०० ग्रॅम बर्फ तरंगत सोडा. दुसरीच्या तोंडावर चहाची मोठी गाळणी अडकवून तिच्यात १०० ग्रॅम ठेवा. गाळणी पाण्याला टेकता कामा नये. बर्फ घातल्यावर, सगळ्यांसमोर, पातळीवर चिकटपट्टीने खूण करा. पहिलीत खूण हलत नाही, दुसरीत पाणी १२-१३ मिलिमीटर चढतं.

फसतं ते असं. पाणी कमी असलं की बर्फ तळाला टेकतो आणि पहिलीतही पातळी चढते. बरणी खाली निमुळती असली तर दोन्हींची तुलना बिघडते. गाळणीतला बर्फ हवेत सावकाश वितळतो, म्हणून तो कुटून घ्या आणि चर्चेच्या तास-दीड तास आधी मांडा. बाहेरून बरणीला घाम येतो, खूण दिसत नाही. कोरडं फडकं जवळ ठेवा. कोणी विचारेल, समुद्र तर खारट आहे. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलंत तर पहिलीतली पातळीही चढेल, पण जेमतेम ०.३ मिलिमीटर, चिकटपट्टीवर ते दिसणारसुद्धा नाही. प्रश्न आलाच तर हा आकडा सांगा, कारण विचारणाऱ्याचं म्हणणं खोटं नाही.

फॉर्म मात्र या प्रयोगाच्या आधी बंद झालेला हवा.

– सु. प.