आयुष्मान कार्डावर मुलाची ऑटिझमची थेरपी होते का?

रावेरचा काटेवाला

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. घरची थोडी केळी आहे. शिवाय माल भरताना वजनकाट्यावर असतो. पगार असा नाही, हंगाम चालला की पैसा येतो.

मुलगा चार वर्षांचा. नावाने हाक मारली तर वळत नाही, पण ट्रॅक्टर सुरू झाला की तिसऱ्या गल्लीतून पळत येतो आणि चाकाजवळ बसून राहतो. बोलणं दोन-चार शब्दांचं. जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून ऑटिझम आहे म्हणून लिहून दिलं. ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं, हालचाली शिकवणारी) आणि स्पीच थेरपी (बोलण्याची) लगेच सुरू करा म्हणाले. जळगावला एका ठिकाणी सुरू केली. आठवड्यातून तीनदा, एका वेळेचे ५०० रुपये. महिन्याचे सहा हजार हे झाले, रेल्वेचं भाडं, रिक्षा आणि बुडालेला दिवस वेगळा.

आमच्याकडे आयुष्मान कार्ड आहे. गावात शिबिर झालं तेव्हा निघालं. काढून देणारा पोरगा म्हणाला होता, पाच लाखांपर्यंत सगळं फुकट. थेरपीच्या ठिकाणी कार्ड पुढे केलं तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, याचा इथे उपयोग नाही. मग कुठे आहे? मोठ्या दवाखान्यात थेरपी घेतली तर कार्ड चालेल का? की दुसरा कुठला सरकारी विमा असतो?

दुसरी गोष्ट, सासरे म्हणतात परराज्यात एक दवाखाना आहे, तिथे स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, पोरं बोलायला लागतात. तीन लाख सांगतात. ते एक एकर विकायला तयार झालेत. माझं मन होत नाही, पण घरात रोज हाच विषय आहे. जाणकारांनी सांगावं.

भुसावळ लोको

भाऊ, महात्मा फुले योजनेत करून घ्या. आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू झाली आहे. आमच्या शेजाऱ्यांची बायपास झाली, एक रुपया लागला नाही. योजनेत असलेल्या रुग्णालयात माहिती द्यायला आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला भेटा.

अमळनेरचा नाना

काटेवाले भाऊ, बायपास आणि थेरपी यांत फरक आहे, तो आधी समजून घ्या, म्हणजे या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरणं थांबेल. आयुष्मान काय किंवा महात्मा फुले काय, दोन्ही दवाखान्यात भरती होणाऱ्यासाठी आहेत. खाट धरली, ऑपरेशन झालं, दवाखान्याने पॅकेज लावलं, तर पैसे थेट दवाखान्याला. तुमचा आंडोर, म्हणजे पोरगा, आठवड्यातून तीनदा पाऊण तास जाणार आणि घरी येणार. ही झाली ओपीडी. मोठ्या दवाखान्यात नेलं तरी ती ओपीडीच राहते. त्या मॅडमनी तुम्हाला खरं तेच सांगितलं. कार्ड फेकू नका, पोराला उद्या फिट आली, भरती करावं लागलं, तर तेच कामाला येईल. पण थेरपीसाठी त्याच्या मागे लागू नका.

तुम्हाला पाहिजे तो विमा वेगळा आहे. त्याचं नाव निरामय. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाचा आहे. १९९९ च्या कायद्याने हा न्यास झाला आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व अशा चार प्रकारांसाठीच तो काम करतो. निरामयमध्ये वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे. वयाची अट नाही, विम्याआधी तपासणी नाही, आणि जन्मापासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत. खासगी मेडिक्लेमवाले ज्या कारणाने तुम्हाला दारातून परत पाठवतील, त्याच कारणासाठी हा विमा काढलेला आहे. पहिल्या वर्षी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि बाकीच्यांना ५०० रुपये. नंतर नूतनीकरणाला अनुक्रमे ५० आणि २५०. आम्ही बाकीच्यांत मोडतो.

आता हुरळून जाऊ नका. एक लाख हा वरचा आकडा आहे, आणि आत कप्पे आहेत. भरतीचा वेगळा, ओपीडी-औषधांचा वेगळा, थेरपीचा वेगळा, प्रवासाचासुद्धा एक बारका कप्पा आहे. एका कप्प्यातलं उरलं म्हणून दुसऱ्यात टाकता येत नाही. थेरपीचा कप्पा लहान आहे. महिन्याला सहा हजारांच्या हिशोबाने तो तुम्हाला वर्षभर पुरणार नाही, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा. नोंदणी करताना त्या वर्षाच्या मर्यादांचा तक्ता मागून घ्या.

मी पतपेढीत हिशोबनीस होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, म्हणून नातवाच्या थेरपीची फाईल माझ्याकडे. तेव्हा पुढचं जे सांगतो ते जरा नीट वाचा, कारण पैसे मिळतात की अडकतात ते इथे ठरतं.

निरामयमध्ये थेरपीचे पैसे आधी तुम्ही भरायचे, मग बिलं पाठवून परत मागायचे. कॅशलेसच्या आशेवर राहू नका. आमचा पहिला दावा परत आला. कारण थेरपी केंद्राने महिन्याचं एकच बिल दिलं होतं, त्यावर 'थेरपी चार्जेस' आणि एक गोल रक्कम. तारखा नाहीत, कोणती थेरपी ते नाही, कोणी दिली ते नाही. मी केंद्रात गेलो तर म्हणे, सगळ्यांना असंच देतो आम्ही. म्हटलं, बाई, सगळे दावा करत नाहीत म्हणून चालून गेलं. शेवटी मीच कोऱ्या कागदावर रकाने आखून दिले: तारीख, थेरपीचा प्रकार, दर, थेरपिस्टचं नाव, नोंदणी क्रमांक, सही. आता ते केंद्र बाकीच्या पालकांनाही तोच नमुना देतं. माझी आखणी, त्यांचं लेटरहेड, चालू द्या.

नोंदणी क्रमांकाचं सांगतो. स्पीचवाल्यांची आणि विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिला आरसीआय म्हणतात. ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांची नोंदणी महाराष्ट्रात राज्याच्या वेगळ्या परिषदेकडे असते, फिजिओथेरपीवाल्यांसोबत. पहिल्याच दिवशी क्रमांक विचारा. सांगायला कां-कूं केलं तर विम्याचं सोडा, पोरगंच तिथे ठेवू नका. आजकाल दहा दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारे तालुक्याच्या ठिकाणीही दिसतात.

शिवाय डॉक्टरांचा कागद लागतो, कोणती थेरपी आणि आठवड्यातून किती वेळा ते लिहिलेला. बिलांच्या मूळ प्रती पाठवायच्या, झेरॉक्स घरी ठेवायच्या. मुदत ३० दिवसांची असते, म्हणून वर्षाचा गठ्ठा करून पाठवायचा विचार करू नका. मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाठवतो. पोस्टाची पावती त्याच झेरॉक्सला टाचायची. आणि पॉलिसी आर्थिक वर्षाने चालते, ३१ मार्चला संपते. तुमच्याकडे त्या वेळी नवतीच्या केळीची धावपळ असेल, तरी नूतनीकरण विसरू नका.

नोंदणी राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थांमार्फत होते. न्यासाच्या संकेतस्थळावर जिल्हावार यादी मिळते. पण त्याआधी दिव्यांग प्रमाणपत्र पाहिजे. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात बोर्डासमोर जायचं. बोर्ड रोज बसत नाही, वार विचारूनच निघा. तिथे ऑटिझमसाठी इसा नावाची चाचणी करतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० गुणांपासून पुढे ऑटिझम धरतात. पोरगं त्या दिवशी नेमकं शहाण्यासारखं बसतं, म्हणून घरचे व्हिडिओ मोबाइलमध्ये न्या. तो चाकाजवळ बसलेला एक असू द्या. वाढवून सांगू नका आणि लाजून झाकूही नका. आपल्याकडच्या बायका डॉक्टरांसमोर "तसा हुशार शे" एवढंच दहादा सांगतात. हुशार असेलच, पण बोर्डाला अडचणी ऐकायच्या असतात.

स्टेम सेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पण मी डॉक्टर नाही. जमीन विकू नका एवढंच म्हणतो.

धुळ्याची ओटी

मी धुळ्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. नानांच्या रकान्यांना माझ्याकडून नमस्कार, आमच्याकडेही पालक असाच नमुना घेऊन येतात.

स्टेम सेलचं आधी. ऑटिझमवर स्टेम सेलचा उपयोग होतो हे सिद्ध झालेलं नाही. पोरं बोलायला लागली असं सांगतात त्यातली बरीच मुलं त्याच काळात थेरपीही घेत असतात आणि वयानेही पुढे सरकत असतात. सासऱ्यांना हे तुम्ही सांगितलं तर पटणार नाही. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे त्यांना एकदा सोबत न्या आणि तिथेच प्रश्न विचारू द्या.

आता पैशाबद्दल. विम्याआधी एक फुकटची जागा आहे, ती तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालतो, ० ते १८ वयासाठी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांचं पथक येतं ते याच कार्यक्रमाचं. या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, बोलीत सगळे डीईआयसी म्हणतात. तिथे तपासणी आणि थेरपी मोफत. अडचण अशी की थेरपिस्टची पदं कधी भरलेली असतात, कधी रिकामी, आणि वेळ लवकर मिळत नाही. म्हणून जाण्याआधी अंगणवाडी ताईंकडून तुमच्या पथकाच्या डॉक्टरांचा नंबर घ्या आणि तिथे आत्ता ओटी व स्पीचचं कोण आहे ते विचारून घ्या. स्पीच तिथे मिळाली आणि ओटी बाहेर घेतली तरी तुमचा खर्च बराच खाली येईल.

आणि आठवड्यातून तीनदा रावेर-जळगाव हे मला झेपण्यासारखं वाटत नाही. तुमच्या थेरपिस्टला सांगा, मी आठवड्यातून एकदाच येईन, पण आईला किंवा मला आत बसवा आणि घरी काय करायचं ते शिकवा. बाहेरच्या बाकावर पालकांना बसवून ठेवणारं केंद्र असेल तर बदला. मुलगा ट्रॅक्टरवर एवढा जीव टाकतो ना, मग ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी क्षणभर थांबा, त्याच्याकडे बघा, त्याने तुमच्याकडे पाहिलं किंवा कसलाही आवाज काढला की मगच चावी फिरवा. थेरपीच्या खोलीत आम्ही हेच खेळण्यातल्या गाडीवर करतो. तुमच्याकडे खरा ट्रॅक्टर आहे. फक्त चाकापासून लांब, कोणाच्या तरी कडेवर असताना करा. आणि घरात जी बोली बोलता तीच बोला, माझ्याकडे येणाऱ्या पालकांना उगाच वाटतं की आता पोराशी पुस्तकी मराठीत बोलावं लागेल.

शहाद्याची आई

दादा, आणखी एक. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. प्रमाणपत्र मिळालं की ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्या गावात दिवाळीला सगळ्या दिव्यांगांना सारखी रक्कम वाटून मोकळे व्हायचे. मी ग्रामसभेत उभी राहून विचारलं की माझ्या मुलीच्या थेरपीला द्या. एका सदस्याने म्हटलं, पोरीला पाय आहेत, हात आहेत, ती कसली दिव्यांग? मी प्रमाणपत्र वाचून दाखवलं. रक्कम फार नाही मिळाली, पण मिळाली, आणि पुढच्या वर्षी न मागता नाव यादीत होतं. एसटीतही दिव्यांगांना ७५ टक्के सवलत असते. रेल्वेची वेळ जमली नाही तर तेवढाच आधार.

रावेरचा काटेवाला

सगळ्यांचे आभार. बायकोला हे सगळं वाचून दाखवलं, ती ट्रॅक्टरच्या जागी तीनदा थांबली. सासऱ्यांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे घेऊन जातोय. ते येतो म्हणाले, पण जमिनीच्या गिऱ्हाइकाला अजून नाही म्हणालेले नाहीत.

नाना, एक शंका. प्रमाणपत्र यायला वेळ लागेल, निरामय त्यानंतर. मग आत्ता जी थेरपी चालू आहे तिची बिलं मिळतील का मागाहून? आणि मुलाचं नाव डॉक्टरांच्या कागदावर घरचं लिहिलंय, आधारवर वेगळं आहे.

अमळनेरचा नाना

मागची बिलं मिळणार नाहीत. विमा सुरू झाल्याच्या तारखेपासून पुढचंच धरतात. म्हणून पोर्टलवरचा अर्ज या आठवड्यातच टाका, बाकीचं नंतर. पण आतापासूनच बिलं रकान्यांची घ्या. केंद्राला सवय लागते, आणि ग्रामपंचायतीत अर्ज करताना खर्चाचा पुरावा म्हणून तीच जोडता येतात. तुम्ही नोकरदार असता तर घरातल्या दिव्यांगासाठी आयकरात मिळणाऱ्या वजावटीचंही सांगितलं असतं. माझ्या मुलाला जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट मिळते. तुम्हाला शेतीच्या उत्पन्नावर त्याची गरज नाही.

नावाचं मात्र आज करा. डॉक्टरांकडे जाऊन आधारवरचं पूर्ण नाव घालून नवीन कागद घ्या, जुना परत करू नका. मग अर्जात, बँकेच्या पासबुकात, बिलात, सगळीकडे तेच, तसंच, त्याच स्पेलिंगने. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर, असंही ठेवू नका. आधारवरच जन्मतारीख चुकली असेल तर बोर्डासमोर जायच्या आधी ती दुरुस्त करा. नंतर यूडीआयडीवर बदल करत बसणं जास्त किचकट आहे. रकान्यांचा नमुना पाहिजे असेल तर सांगा, फोटो काढून टाकतो.