'इनिट'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'लाइटवेट' म्हणजे 'हलका' का?

प्रश्न, धरमपेठहून:
डिप्लोमाच्या मुलांसाठी लिनक्सची टिपणं लिहून राहिलो आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठल्यावर सगळ्यात आधी जी प्रक्रिया (चालता प्रोग्राम) सुरू करतो, ती इनिट. तिचा क्रमांक 1. छोट्या बोर्डांवर आणि जुन्या पीसीवर चालणारा, स्क्रिप्टनं, म्हणजे आज्ञांच्या फाईलनं, हाकता येणारा लहानसा इनिट शिकवायचा आहे. मी लिहिलं, 'किमान लिनक्स प्रणालींसाठी हलका, लिपीक्षम आरंभक'. घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, "हे काय चूर्ण आहे?" सुचवा काहीतरी.

महालहून:
'लिपीक्षम' आधी काढा, भाऊ. लिपी म्हणजे देवनागरी, मोडी. संहिता म्हणाल तर नाटकाची आठवते. सरळ 'स्क्रिप्टवर चालणारा' म्हणा, मुलं शेल स्क्रिप्ट म्हणतातच की.
'हलका'चं मात्र जपून. हलका आहार, हलका पाऊस इथपर्यंत ठीक. पण हलका माल, हलक्या कानाचा, हलकं काम, यांत कमीपणाच आहे. वजन कमी असेल तर हलका, गुंता कमी असेल तर सुटसुटीत. तुमच्या इनिटचं कौतुक कशाचं? मेमरी कमी खातो याचं, की आत फार भानगडी नाहीत याचं?

धरमपेठहून:
दोन्हीचं, पण जास्त दुसऱ्याचं. बिझीबॉक्स या छोट्या प्रणालींसाठीच्या संचातल्या इनिटला इनिटटॅब नावाची एक साधी फाईल पुरते. एका ओळीत एक काम, आणि 'रीस्पॉन' लिहिलं की ते काम मेलं तरी पुन्हा उठवतो. जीएनयू शेफर्ड या दुसऱ्या इनिटची मांडणी तर गाईल स्कीम या प्रोग्रामिंग भाषेत, म्हणजे चक्क प्रोग्रामच लिहायचा. सिस्टमडी (2010) या तिसऱ्या इनिटमध्ये उलट 'काय हवं' एवढंच युनिट फाईलमध्ये सांगायचं, 'कसं' ते त्याचं तो बघतो.

महालहून:
मग 'सुटसुटीत'. प्रश्न मिटला.

बर्डीहून:
'आरंभक' मला पटत नाही. आरंभक म्हणजे फीत कापून, चहा पिऊन निघून गेलेला पाहुणा. इनिट जातो कुठे? मशीन बंद होईस्तोवर बसून राहतो. मी तर म्हणतो आपलं नागपुरी नाव द्या, 'झिरो माइल'!

महालहून:
काहून बाप्पा, क्रमांक 1 आहे न त्याचा! 0 क्रमांक कर्नलच्या स्वतःच्या रिकामटेकड्या कामाचा असतो. प्रोसेसरला दुसरं काहीच नसलं की ते चालतं. झिरो माइल नाव त्याला द्या.

वर्ध्याहून (मूळची नागपूरकर):
घरातला शब्द आहे की, 'कर्ता'. कर्नलची स्वतःची आतली कामं सोडली, तर बाकीच्या सगळ्या प्रक्रियांचा वंश त्याच्यापाशी जाऊन पोचतो. एखादीची आई-बाप प्रक्रिया मधेच मेली, तर ती पोरकी सहसा याच्याच पदरात येते. प्रक्रिया जबरदस्तीनं मारणाऱ्या 'किल नऊ' आज्ञेनंही तो मरत नाही. आणि स्वतःहून संपला तर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल हात टेकतो, सगळं घर ठप्प. कर्ता गेला की काय होतं ते शेतकऱ्याच्या घरी विचारा.

धरमपेठहून:
वा! यात माझी एक जुनी चूक सापडली. मी एकदा साधी शेल स्क्रिप्टच इनिटच्या जागी ठेवली होती. चार ओळी छान चालल्या, पाचवी नव्हतीच. स्क्रिप्ट संपली आणि पॅनिक. शेवटी 'एक्झेक' करून, म्हणजे स्क्रिप्टच्याच जागी, शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम) बसवला तेव्हा कुठे मशीन उभं राहिलं.
आता 'झोंबी' प्रक्रियेला मराठीत काय म्हणू? 'प्रेत' लिहिलं तर मुलं हसतील.

वर्ध्याहून:
झोंबी प्रक्रिया मेलेलीच असते. मेमरी सुटलेली, काम संपलेलं. फक्त पालकानं तिचा शेवटचा निकाल वाचलेला नसतो म्हणून यादीत नाव उरतं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच राहतं ना, फेरफार होईपर्यंत? तसं. पोरक्यांच्या बाबतीत हा फेरफार कर्त्यानंच करायचा. आळशी इनिट लिहिला तर अशी नावं साठत जातात. प्रक्रियांच्या क्रमांकांची कर्नलची मूळ मर्यादा बहुधा 32768 असते (ती वाढवता येते), ती भरली की नवी प्रक्रिया जन्मतच नाही.

बर्डीहून:
म्हणजे झोंबी = 'सातबाऱ्यावरचा मयत'. तलाठी खूश.

महालहून:
कर्ता चांगला, पण व्याकरणातला कर्ता आणि हा, मुलं गोंधळतील. शिवाय 'प्रक्रिया' स्त्रीलिंगी. 'कर्ता प्रक्रिया' कानाला खटकतं.

वर्ध्याहून:
मग 'कर्ती प्रक्रिया' म्हणा. घरातली कर्ती बाई म्हणतोच की आपण. कर्तीसवरती.

धरमपेठहून:
'सुटसुटीत, स्क्रिप्टवर चालणारी कर्ती प्रक्रिया'. टिपणात पहिल्यांदा येईल तिथे 'इनिट, म्हणजेच' असं जोडतो. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ही मीच आहे."