पेट्रोल भरताना नोझल सारखं कट होतंय, मदत हवी आहे (अर्जंट)

वैतागलेला_चालक
डोकं फिरलंय. पेट्रोल भरायला गेलं की नोझल दोन-तीन सेकंदांत टक्‌ करून बंद, परत दाबलं की परत टक्‌. टाकी रिकामी असते हो, काटा लाल रेघेवर असतो तरी. आज २० लिटर घालायला पंधरा मिनिटं गेली, मागे ही रांग आणि हॉर्नवर हॉर्न. परवा लांब जायचंय, लवकर सांगा काय करू. "आधी सर्च करा" वाले प्रतिसाद नकोत, केलंय सर्च.

टाकीफुल्ल
टाकी भरली असेल. नोझल उगाच बंद होत नाही.

वैतागलेला_चालक
अहो वाचा तरी. काटा लाल रेघेवर.

टाकीफुल्ल
काटाही खोटं बोलतो. माझ्या जुन्या गाडीत फ्लोट अडकला होता, काटा कायम अर्ध्यावर, मी निवांत, आणि एक दिवस भर रस्त्यात गाडी ठप्प. तेव्हापासून मी काट्यावर विश्वास ठेवत नाही, किलोमीटर मोजतो.

सुटा_पाना
कधीपासून होतंय? एकाच पंपावर की सगळीकडे? गाडी किती वर्षांची? एवढं लिहिल्याशिवाय आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं का?

वैतागलेला_चालक
तीन वेगळे पंप झाले, सगळीकडे तेच. सहा वर्षांची गाडी. दीड-दोन महिने झाले असतील. धार अगदी बारीक ठेवली तर जातं, जरा जोरात सोडलं की टक्‌.

खरखर_आवाज
लिव्हरमध्ये टाकीचं झाकण अडकवून ठेवा, मी तेच करतो. हात मोकळा.

निळा_धूर
@खरखर_आवाज, काही उपयोग नाही आणि करूही नका. नोझल कट होतं तेव्हा आतली खिट्टी सुटते, मग लिव्हर दाबलेला असला तरी नुसता ढिला लोंबतो.
धागाकर्ते, नोझल कसं चालतं ते समजून घ्या, अर्धं उत्तर तिथेच आहे. टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहताना नोझलच्या पोटात ओढ तयार होते आणि त्या भोकातून हवा खेचली जात राहते. भोक पेट्रोलने बुडालं की हवा थांबते, आतला पडदा ओढला जातो, खिट्टी सुटते, टक्‌. सेन्सर बिन्सर काही नाही. टाकी भरली की नाही हे त्याला कळतच नाही, भोक बुडालं एवढंच कळतं. म्हणजे तुमच्याकडे पेट्रोल टाकीत उतरायच्या आधीच नळीत तुंबून वर येतंय. का तुंबतंय ते शोधायचं.

काळी_पूड
का म्हणजे काय, कॅनिस्टर! डोळे मिटून सांगतो. पेट्रोल आत जाताना टाकीतली हवा आणि वाफ बाहेर पडते, ती कोळशाच्या डब्यातून जाते. लोक कट झाल्यावरही राउंड फिगरसाठी अजून दाबत बसतात, मग वाफेऐवजी पेट्रोलच त्या डब्यात जातं, कोळसा भिजतो, हवेची वाट बंद. तुम्ही कट झाल्यावर दाबता का? खरं सांगा.

वैतागलेला_चालक
दोनदा-तीनदा दाबतो. सगळेच दाबतात.

काळी_पूड
झालं. कॅनिस्टर बदला. धागा बंद करायला हरकत नाही.

डिझेलप्रेमी
डिझेलला फेस येतो त्याने पण कट होतं, ट्रकच्या जाड नोझलने भरलं तर हमखास. नोझल थोडं फिरवून, एक बोटभर बाहेर काढून भरा.

सुटा_पाना
त्यांची पेट्रोल गाडी आहे हो. पण नोझल फिरवायचा सल्ला बरोबर आहे, परवापुरता तरी. उलटं धरून बघा, कधीकधी नळीच्या वळणावर धार आपटून उडते आणि भोक ओलं होतं.

काळी_पूड
तात्पुरते उपाय सांगून लोकांना कॅनिस्टरपासून दूर नेऊ नका.

शांत_मोटार
इलेक्ट्रिक घ्या. मी घेतली, नोझल नाही, टक्‌ नाही, कटकट नाही.

टाकीफुल्ल
आणि चार्जरपुढे तासभर बसायचं ते?

शांत_मोटार
पुस्तक वाचतो मी तेवढ्यात. तुम्ही किलोमीटर मोजता तसं.

निळा_धूर
अवांतर पुरे. धागाकर्ते, दोन प्रश्न. झाकण उघडताना सुस्स आवाज येतो का? आणि चेक इंजिनचा दिवा लागलाय का?

वैतागलेला_चालक
सुस्स वगैरे काही नाही. दिवा लागलेला आहे पण तो वर्षभर लागलेलाच असतो, त्याचा काय संबंध.

सुटा_पाना
वर्षभर!!

काळी_पूड
दिवा!! घ्या, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पी ०४४६ असणार, व्हेंटचा म्हणजे डब्याच्या हवेच्या वाटेचा बिघाड-कोड. मी सांगतच होतो.

निळा_धूर
कोड वाचल्याशिवाय असणार म्हणू नका. आणि त्रास दोन महिन्यांचा, दिवा वर्षाचा. डब्याची वाट पूर्ण बंद असती तर पेट्रोल संपत जाताना टाकीत पोकळी झाली असती आणि झाकण उघडल्यावर सुस्स झालं असतं.

काळी_पूड
अर्धवट बंद असेल. गाडी चालताना तासाला पाच-सात लिटर पेट्रोल जातं, तेवढी हवा सुईच्या भोकातूनही आत येईल. भरताना मिनिटाला तीस-पस्तीस लिटर येतं, तेवढीच हवा त्याच मिनिटात बाहेर पडायला हवी. म्हणून सुस्स नाही पण टक्‌ आहे.

निळा_धूर
हे मात्र पटलं. पण मग फक्त डबाच का? टाकीपासून डब्यापर्यंतचा पाइप, भरायच्या नळीशेजारचा हवा बाहेर सोडणारा बारीक ब्रीदर पाइप, टाकीच्या तोंडाशी असलेली झडप, कुठेही अर्धवट अडलं तरी हेच होणार. व्हेंट व्हॉल्व्हवर माती बसते, कीटकही घर करतात. धागाकर्ते, दोन महिन्यांपूर्वी गाडीला काही काम केलं होतं का? मागून ठोकली वगैरे?

वैतागलेला_चालक
ठोकली नाही. काम म्हणजे फक्त फ्युएल पंप बदलला, तो टाकीतला. त्यासाठी टाकी खाली उतरवली होती. पण तो पंप नीट चालतोय, त्याचा काही प्रॉब्लेम नाही.

सुटा_पाना
अहोऽऽ हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!

निळा_धूर
टाकी परत चढवताना वरचा पाइप टाकी आणि बॉडीच्या मध्ये दबला असणार, किंवा दुमडला असणार. वरून दिसत नाही, टाकी थोडी उतरवूनच बघावं लागतं. ज्यांनी काम केलं त्यांच्याकडेच जा आणि "टाकीवरचे हवेचे पाइप बघा" असं स्पष्ट सांगा, नुसतं "पेट्रोल जात नाही" म्हणालात तर ते पेट्रोल पंपवाल्यांवर ढकलतील. कोडही वाचून घ्या. आणि तोंडाने पाइप फुंकायला जाऊ नका कोणी, आत पेट्रोलची वाफ असते.

काळी_पूड
पाइप बघा, हरकत नाही. पण कॅनिस्टरही बघा.

पहिला_गिअर
माझ्या गाडीत पेट्रोल भरल्यावर लगेच स्टार्टच होत नाही, दोन-तीनदा सेल मारावा लागतो. हेच कारण का?

सुटा_पाना
नाही, ते उलटं. पर्ज व्हॉल्व्ह (डब्यातली वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला की भरताना वर आलेली वाफ सरळ इंजिनात जाते आणि ते गुदमरतं. पर्ज वीज नसताना बंद असतो, व्हेंट वीज नसताना उघडा. तुमचा पर्ज बघा. आणि वेगळा धागा काढा ना भाऊ.

वैतागलेला_चालक
अपडेट. आज गेलो. आधी ते मान्यच करेनात, "आमचं काम चोख असतं". मग टाकी उतरवली तर ब्रीदर पाइप टाकीच्या खांद्यावर दबून पार चपटा, आत जेमतेम काडी जाईल एवढी फट. सरळ केला तरी घडी परत बसत होती म्हणून नवीन टाकला. मजुरी घेतली नाही, सॉरीही म्हणाले नाहीत. कोड निघाला तो ऑक्सिजन सेन्सरचा, ह्याच्याशी संबंध नाही, पुढच्या महिन्यात बघू. येताना टाकी फुल्ल केली, ३८ लिटर, पूर्ण लिव्हर दाबून, मध्ये एकदाही टक्‌ नाही. @निळा_धूर, मनापासून आभार.

सुटा_पाना
ऑक्सिजन सेन्सर पुढच्या महिन्यात नको, तो बिघडला की पेट्रोल जास्त पितो.

काळी_पूड
अभिनंदन. एकच विचारतो, टाकी भरून नोझल कट झाल्यावर परत दाबलंत का?

वैतागलेला_चालक
दोनदाच.

काळी_पूड
कोपरापासून नमस्कार.