मदत हवी आहे: ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या भावासाठी काउन्सेलर

धाकटा भाऊ ॲम्ब्युलन्सवर ईएमटी (पेशंटला वाटेत तातडीचे उपचार देणारा) आहे, ६ वर्षं झाली. जिन्यावरून स्ट्रेचर उतरवून उतरवून कंबर गेलीये, पट्टा बांधून ड्युटीला जातो, ते एक वेळ ठीक (ठीक कसलं म्हणा). पण २ महिन्यांपूर्वी हायवेच्या अपघातातली एक लहान मुलगी त्याच्या हातातच गेली, तेव्हापासून झोप नाही, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतो, त्या रस्त्याने जायचंच टाळतो. महिन्याच्या वर असं चाललं तर पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर होणारा मानसिक आजार) असू शकतो ना? टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर बोलणं करून दिलं, पण समोर बसून बोलणारं कोणी हवंय. नाशिकमध्ये ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून अशा धक्क्यावर केली जाणारी थेरपी) करणारे कोणी माहितीयेत का, नाइटवाल्याला दुपारची वेळ देणारे? आई विचारते, पोराला नजर लागली का, तिला काय सांगू तेही सुचवा.