मुदत संपूनही सदनिका रिकामी होत नाही. घरमालकाने काय करावे?

प्रश्न (कोथरूडवासी):
कोथरूडमधील आमची सदनिका एका कुटुंबाला लिव्ह अँड लायसन्सवर दिली होती. अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवला होता आणि तो जानेवारीत संपला. परंतु त्यांच्या मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर असल्याने मेअखेरपर्यंत राहू देण्याचे मी कबूल केले आणि तेवढा मजकूर स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करून घेतली. मे उलटून चार महिने झाले, भाडे थांबले आहे आणि अनामतही थकबाकीत संपली. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, असे सोसायटीतील एक सभासद सांगतात. मला ते पटत नाही, पण गृहकर्जाचा हप्ता दरमहा माझ्याच खात्यातून जातो.

उत्तर १ (वकिली करणारा सभासद):
ताई, व्हॉल्व्हला हात लावू देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार सबळ कारणाशिवाय भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही, आणि आपला दुसरा कागद नोंदणीकृत नसल्यामुळे ते स्वतःला भाडेकरू म्हणवून घेण्याची शक्यता आहेच. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे लोकांना फार उशिरा कळते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपली जमेची बाजू म्हणजे पहिला नोंदवलेला करार. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्यांकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो, आणि मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्यांनी प्रतिज्ञापत्रासह बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर आपले म्हणणे त्यांना मान्य आहे असे समजले जाते. दुसऱ्या कागदाचा मुद्दा ते काढतीलच, तेव्हा तो लपवू नका, अर्जातच नमूद करा. त्याआधी वकिलामार्फत लेखी नोटीस पाठवा.

उत्तर २ (ठाणेकर घरमालक):
वरील सल्ल्याला एक जोड देतो. माझ्या प्रकरणात समोरच्यांनी पहिल्याच तारखेला स्वयंपाकघरातील ओल्या भिंतीची छायाचित्रे पुढे ठेवली: पोपडे सुटलेला रंग, ओट्याखाली फुगलेले प्लायवूड. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असूनही ती तक्रार मी आठ महिने दुर्लक्षित केली होती, हे मला तिथे कबूल करावे लागले. त्यामुळे आपल्याकडे दुरुस्तीची कोणती तक्रार प्रलंबित आहे का, ते आधी पाहा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोचही शोधून ठेवा.

कोथरूडवासी:
दोघांचीही मी ऋणी आहे. पोलिसांकडील पोच सापडली. बाथरूमच्या गळतीबद्दल त्यांनी जूनमध्ये पाठवलेला संदेशही सापडला. भाडे थकले म्हणून मी त्याला उत्तरच दिले नव्हते. नोटिशीसाठी वकिलांची वेळ घेतली आहे, आणि उद्या सकाळी प्लंबर पाठवत असल्याचे त्यांना लेखी कळवले आहे.